आलो गं

१

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घड्याळजी घरी आले. त्यांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

वहिनी एका पडद्याला खालची पट्टी मारत होत्या. मशीनशेजारचा फोन टुणकन वाजला. त्यांनी पायडलवरचा पाय काढला, चष्मा नाकावर वर ढकलला आणि वाचलं.

‘आलो गं’ तुमच्या नेटवर्कला जोडले गेले आहे.

सुई कापडात रुतली होती, ती तशीच राहिली.

घरातल्या वायफायचा सगळा कारभार घड्याळजींचा होता. राऊटरच्या अ‍ॅपमध्ये घरातल्या प्रत्येक फोनला नाव देता येतं, हे कळल्यावर त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. परगावी असलेल्या मुलाचा फोन ‘चिरंजीव’. काज-बटणं करायला येणाऱ्या बाईला सगळे गुंडी म्हणायचे, म्हणून तिचा फोन ‘गुंडी’. माडीवरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलीचा ‘वरची’. स्वतःच्या फोनला त्यांनी नाव दिलं, ‘आलो गं’. तीनला घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून ते चालत निघत. दाराच्या कडीला हात लागायच्या आधीच त्यांचा फोन घरच्या वायफायला चिकटायचा, इकडे वहिनींचा फोन वाजायचा आणि वहिनी जेवण गरम करायला ठेवायच्या.

तीन ही काही जेवायची वेळ नव्हे. पण भिंगाखाली केसासारखी स्प्रिंग दिसायला बाराचा उजेड लागतो, तो जेवणात घालवायचा नाही, हे सासऱ्यांचं म्हणणं. त्यांनी त्या घरातल्या पुरुषांना तेच वळण लावलं होतं.

वहिनींनी मशीनचा डावा खण उघडला. बॉबिनच्या डब्यामागे घड्याळजींचा फोन होता. दवाखान्यातून जी पिशवी आली, तिच्यात चष्मा, किल्ल्या आणि हा. ती पिशवी भावोजींनी उंबऱ्यावर ठेवली होती आणि आत न येता निघून गेले होते. फोन जाड जीनच्या खोळीत होता. खोळ वहिनींनीच उरलेल्या तुकड्यातून मापाने शिवलेली, आणि इतकी घट्ट की घड्याळजी फोन ओढून काढताना म्हणायचे, “ही खोळ नाही, तुझ्या माहेरची माणसं आहेत. एकदा धरलं की सोडत नाहीत.”

फोन बाहेर काढला. गार, काळा, मेलेला. बटण दाबून धरलं. काही नाही. परत खोळीत घातला, तर तो सर्रकन आत गेला. कापड सैल झालं असेल, असं एकदा मनात आलं, आणि ते तिथेच राहिलं.

तीन पस्तीसला यादीतून ‘आलो गं’ निघून गेलं.

बुधवारी पुन्हा आलं. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी. तीन दहाला यायचं, तीन पस्तीसला जायचं. रविवारी आलं नाही, आणि वहिनींना वाटलं, सुटले. सोमवारी तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा त्यांच्या हातातली कात्री खाली पडली.

शेवटी त्यांनी चिरंजीवांना सांगितलं, तीच चूक झाली.

“आई, येत्या रविवारी मी येतोय,” चिरंजीव म्हणाले. “मशीन झाकून ठेवू. तू इकडे राहायला ये. एकटीला असं काहीबाही ऐकू यायला लागलं की...”

“ऐकू येत नाही रे. लिहून येतं.”

“ते तर आणखी वाईट.”

फोन ठेवल्यावर वहिनी बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसून राहिल्या. रविवारपर्यंत ह्याचा उलगडा झाला नाही, तर तीस वर्षं चालवलेलं मशीन झाकायचं, घराला कुलूप लावायचं आणि मुलासमोर, सुनेसमोर कबूल करायचं की आपलं डोकं आता आपलं राहिलं नाही. माणूस मेला की त्याची भीती वाटते असं नाही. आपल्याला तो यावासा वाटतोय, ह्याची वाटते.

२

गुरुवारी अडीच वाजता वायरताई आल्या. गावातल्या अर्ध्या घरांना इंटरनेटची जोडणी ह्याच बाईने करून दिलेली. पन्नाशीच्या, खांद्याला पक्कड-वायरींची पिशवी, केसांत पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. वहिनींच्या घरचा राऊटरही त्यांनीच बसवला होता.

चहा घेत त्यांनी सगळं ऐकलं. मग कप ठेवला आणि खुर्ची भिंतीला टेकवून घेतली.

“वहिनी, आधीच सांगून ठेवते. मी भित्री बाई आहे. विजेच्या खांबावर चढेन, पण असल्या गोष्टी मला सोसत नाहीत.”

“मग आलात कशाला?”

“तुमच्या आवाजामुळे. फोनवर तुम्ही नळ गळतोय अशा आवाजात बोलत होतात.”

तीन वाजून दहा मिनिटांनी दोघींच्या देखत फोन वाजला. वायरताईंनी तो उचलला नाही. नुसती मान लांब करून वाचलं, मग पदराला हात पुसून तो घेतला.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, आणि कामाचं बोलायला लागल्यावर त्यांचा आवाज जरा स्थिरावला. “राऊटर माणसाला ओळखत नाही. नावालाही ओळखत नाही. प्रत्येक फोनला जन्मतः एक नंबर असतो, त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. तुमच्या यजमानांनी त्यांच्या फोनच्या त्या नंबरासमोर ‘आलो गं’ लिहून ठेवलं. आता तो नंबर दारात आला की हा डबा तेच नाव पुकारणार. आठ महिने झाले काय आणि आठ वर्षं काय. त्याला कोण सांगणार?”

“पण फोन तर इथे खणात आहे. मेलेला.”

“एखादा हुशार माणूस नंबराची नक्कल करतो. फुकटचं नेट वापरायला.” त्यांनी आणखी एक पान उघडलं आणि भुवया वर गेल्या. “पण हा काही वापरत नाहीये. पंचवीस मिनिटं बसतो आणि दोन थेंब डेटा पितो. तेवढं तर फोन आपणहून पितो, कोणी न सांगता. वहिनी, इथे जो कोणी येतोय, त्याला नेट नकोय.”

“मग काय हवंय?”

वायरताई फोनच्या पडद्यावर बोटाने खाली खाली जात होत्या. अचानक बोट थांबलं.

“ह्या डब्यातून दोन पट्टे निघतात, बँड म्हणतात. एक लांब जातो, भिंतीतून वाट काढतो. दुसरा पळतो जोरात, पण नाजूक. जाड भिंत आली की मान टाकतो. हा फोन नाजूक पट्ट्यावर आहे. आणि सिग्नल बघा, सगळ्या काड्या भरलेल्या.”

“म्हणजे काय, ते सांगा ना.”

वायरताईंनी खुर्ची आणखी मागे सरकवली, पण मागे भिंतच होती.

“म्हणजे डबा आणि फोन ह्यांच्यामध्ये भिंत नाही. वहिनी, तो रस्त्यावर नाही, शेजारी नाही. तो आत्ता ह्या खोलीत आहे.”

३

खोली काही मोठी नव्हती. मशीन, कापायचं टेबल, कपड्यांचे गठ्ठे, कपाट, कोपऱ्यात माप घ्यायचा आरसा. दोघी हातात हात घालून कपाटापाशी गेल्या आणि कोणी उघडायचं ह्यावरून तिथे थोडं अडलं. शेवटी वहिनींनी मापाच्या गजाने दार उघडलं. आत साड्या होत्या आणि घड्याळजींचा एक सदरा. त्याला कोणी हात लावला नाही.

गठ्ठे उपसले. टेबलाखाली पाहिलं. मशीनचं पोट उघडलं. आरशासमोरून जाताना दोघींनीही मान खाली घातली.

तीन पस्तीसला नाव यादीतून गेलं. खोलीत काही हललं नाही, की कुठे दार वाजलं नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, “अगं बाई, घर हलवताय की काय?” आणि वायरताई टेबलाला धडकल्या.

गुंडी होती. काजाच्या दोऱ्याची रिळं छातीशी धरून उभी.

“तू रोज तीनला कुठे जातेस गं?” वहिनींनी एकदम विचारलं.

गुंडीचा चेहरा पडला. “पायऱ्यांवर. मालिका बघते फोनवर. अर्धा तासच. तुमची शपथ, काजं पुरी करून जाते.”

“गेस्ट नेटवर्कवर असते ही,” वायरताई यादी बघत म्हणाल्या. “पाहुण्यांसाठीचं वेगळं दार असतं ना, तिथून. स्वतःच्या नावाने येते आणि भरपूर डेटा खाते. मालिकाच दिसतेय. ही नाही.”

“मी नाही काय?” गुंडी म्हणाली. वायरताई यादीच बघत राहिल्या, तशी ती जास्तच घाबरली.

वरची मुलगी चारला जिन्यातच भेटली. लोकांचे गुडघे, पाठी व्यायामाने बऱ्या करायचं तिचं काम. ती तीनला येऊन जेवायची आणि परत जायची. तिला विचारलं तर ती उलट खूश झाली.

“बरं झालं भेटलात, आभार मानायचेच होते. काका गेल्यापासून वर नेट येतच नव्हतं, मी बोलले नाही, म्हटलं तुमच्या डोक्याला आधीच किती ताप. पण हे दोन आठवडे काय छान चालतंय. तुम्ही काही केलंत का?”

“मी काय करणार?” वहिनी म्हणाल्या. “मला दिवा लावता येतो आणि विझवता येतो. तेही गेल्या दोन आठवड्यांत चुकतंय, त्या इलेक्ट्रिशियनने बोळातला बोर्ड बदलला आणि बटणांची उलटापालट करून ठेवली.”

मुलगी हसली आणि खाली उतरून गेली. हिचंही नाव यादीत वेगळं होतं आणि तीसुद्धा पाहुण्यांच्या दारानेच यायची.

“दोघीही नेट वापरणाऱ्या,” वायरताई म्हणाल्या. “आपल्याला न वापरणारा पाहिजे.” मग त्यांनी खणातला फोन मागितला. खोळीतून तो त्यांच्या हातात आपोआप घसरला. “ह्याला चार्जिंगला लावून जाते. उद्या तीनला मी येईन. तोवर ह्याच्याकडे बघत बसू नका.”

वहिनींनी फोनवर पडद्याचं कापड टाकलं आणि झोपेपर्यंत त्या कापडाकडे बघत बसल्या.

४

शुक्रवारी तीनला पाच मिनिटं असताना दोघी टेबलाशी बसल्या. फोनला जीव आला होता. पडद्यावर कंपनीचंच निळं चित्र आणि कुलपाचा आकडा मागणारी चौकट. राऊटर समोर भिंतीवर, हिरवा दिवा लुकलुकत. गुंडीला सुट्टी दिली होती, तरी ती पायऱ्यांवर बसून होती. एकटीने घरी जायला भीती वाटते म्हणाली.

“आत्ता हा जोडला गेला,” वायरताई कुजबुजल्या, “तर मी पिशवी उचलून जाणार. पैसे नकोत.”

तीन वाजून आठ. नऊ.

वहिनींचा फोन वाजला.

‘आलो गं’ तुमच्या नेटवर्कला जोडले गेले आहे.

वायरताईंनी पिशवी धरली, पण उचलली नाही. त्या टेबलावरच्या फोनकडे बघत राहिल्या. मग हळूच पुढे वाकल्या.

“वहिनी. ह्याच्या कोपऱ्यात बघा. वायफायची खूण आहे का?”

“त्या पंख्यासारखी? तिच्यावर काट मारलीय.”

“बंद आहे. ह्या फोनचं वायफाय बंद आहे. हा कशालाही जोडला गेलेला नाही.”

वहिनींनी खोळ उचलली, फोन आत घातला, बाहेर काढला. पुन्हा घातला. आता त्यांच्या बोटांनी ते माप घेतलं जे आठ महिन्यांपूर्वीच घ्यायला हवं होतं. जीनचं कापड आठ महिने खणात पडून सैल होत नाही. ते धुवून आटतं, घासून फाटतं, पण नुसतं पडून वाढत नाही. हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवला नव्हता.

“हा ह्यांचा फोन नाही,” त्या म्हणाल्या. “सुताने लहान आहे. कोणीतरी बदलून ठेवलाय.”

“म्हणजे त्यांचा खरा फोन चोरीला गेलाय.”

“आणि तो आत्ता इथे आहे. तुम्हीच म्हणालात, ह्या खोलीत.”

भुतापेक्षा हे जास्त भयंकर होतं. भुताला निदान दार लागत नाही. इथे कोणीतरी जिवंत माणूस, हातात घड्याळजींचा फोन घेऊन, त्यांच्यापासून दोन हातांवर बसलं होतं, आणि ते दिसत नव्हतं.

घड्याळात तीन चौदा झाले होते. ते माणूस आणखी एकवीस मिनिटं बसणार होतं.

५

घाबरल्या की वहिनी टेप बोटांना गुंडाळायच्या. आताही गुंडाळली. जुनी टेप, तिचा पहिला इंच केव्हाच झिजून तुटलेला. वहिनी एकापासून मोजायच्या आणि शेवटी एक वजा करायच्या. गुंडीने एकदा शून्य धरून मोजलं आणि सहा खिडक्यांचे पडदे इंचाने आखूड झाले. टेप बरोबर होती, कापड बरोबर होतं. मोजायला सुरुवात कुठून केली, तिथे चुकलं होतं.

टेप बोटांवरून सुटली.

“वायरताई, तुम्ही म्हणता फोन डब्याजवळ आहे. कोणत्या डब्याजवळ?”

“कोणत्या म्हणजे? एकच तर आहे.”

“तुम्ही बसवलेला एक. ह्यांना हात स्वस्थ ठेवता येत नव्हते. दुसरा ह्यांनीच बसवला असेल तर?”

वायरताईंनी कपाळावर हात मारला. “एक्सटेंडर. सिग्नल पुढे ढकलायला लोक छोटा डबा लावतात. तो मोठ्याच्याच नावाने बोलतो, आणि हे जुनं अ‍ॅप दोघांत फरक करत नाही. काड्या त्या छोट्यापासून मोजलेल्या असणार. पण तो असता तर वरच्या मुलीला...” त्या थांबल्या.

“आठ महिने नेट नव्हतं,” वहिनी म्हणाल्या. “आणि दोन आठवड्यांपूर्वी आलं. बोळातलं एक बटण हे गेल्यावर लगेच बिघडलं होतं. कशाचं आहे ते कोणाला माहीत नव्हतं, म्हणून कोणी बघितलं नाही. त्या सोमवारी नवीन बोर्ड बसला आणि इलेक्ट्रिशियन सगळी बटणं चालू करून गेला. मंगळवारी मला पहिला निरोप आला.”

बोळ सामायिक होता. सासऱ्यांचं एकच घर, सहा वर्षांपूर्वी मधोमध भिंत घालून दोघा भावांनी वाटून घेतलेलं. आत शिरताना डावीकडचं दार वहिनींचं, उजवीकडचं भावोजींचं, म्हणजे त्यांच्या धाकट्या दिरांचं. मध्ये माडीचा जिना आणि वर, दोन्ही घरांच्या सांध्यावर, लाकडी माळा. दुकानाच्या पाटीवर कोणाचं नाव आधी, एवढ्यावरून दुकानं दोन झाली, घरं दोन झाली, आणि सहा वर्षं त्या दोन दारांमध्ये बोलणं नव्हतं.

तीन एकवीस. बोर्डातून एक वायर वर माळ्याकडे गेली होती, वायरताईंनी तिथे शिडी लावली. वहिनींनी खालून धरली. गुंडीने वहिनींना धरलं.

“दिसतोय,” वरून दबका आवाज आला. “पांढरा, छोटा. हिरवा दिवा चालू आहे. वरच्या मुलीसाठीच लावलेला दिसतोय. मागे भिंत नाही वहिनी, नुसता प्लायवूड. पलीकडे...”

वायरताई बोलायच्या थांबल्या. त्यांनी प्लायवूडला कान लावला होता. शिडी थरथरायला लागली.

मग वहिनींनाही ऐकू आलं. बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण शंका राहू नये इतका स्पष्ट. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तो आवाज रोज ऐकला होता.

प्लायवूडच्या पलीकडे घड्याळजी बोलत होते.

६

वायरताई शिडीवरून कशा उतरल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खाली येऊन त्या पायरीवर बसल्या. “मी वायरीचं काम करते,” त्या म्हणाल्या. “हे माझ्यात येत नाही.”

वहिनी उभ्याच होत्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण डोकं चालत होतं, आणि ते चालतंय हे त्यांना जाणवत होतं. दोन आठवड्यांत प्रथमच.

“तीन दहा,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मला वाटलं, ही ह्यांची वेळ, म्हणून हेच. बाराचा उजेड जेवणात घालवायचा नाही. पण सासऱ्यांना मुलगे दोन होते. रविवारी येत नाही, कारण रविवारी दुकान बंद आणि जाऊबाई घरात. नेट नकोय, कारण फोन जोडला जातोय हेच त्याला माहीत नाही.” त्या वायरताईंकडे वळल्या. “आणि ह्यांची पिशवी उंबऱ्यावर कोणी ठेवली होती?”

उजवीकडच्या दाराशी जायला चार पावलं लागतात. वहिनींना सहा वर्षं लागली होती. त्यांनी कडी वाजवली.

आतला आवाज एकदम बंद झाला. मग दार उघडलं.

भावोजी होते. कपाळावर भिंगाचा पट्टा, जेवणाचं ताट मागे तसंच झाकलेलं. हात पाठीमागे. वहिनींनी पाहिलं, ते त्यांच्यापेक्षा जास्त घाबरले होते.

“काय ऐकताय भावोजी?”

“काही नाही. रेडिओ.”

“रेडिओ त्यांच्या आवाजात बोलतो?”

भावोजींनी मान खाली घातली. पाठीमागचा हात हळूहळू पुढे आला. काळा फोन, ज्याच्या कोपऱ्यावर वहिनींच्या कात्रीचा चरा होता.

“दोन दिवसांत परत ठेवणार होतो,” ते म्हणाले. “दवाखान्यात पिशवी माझ्या हातात दिली. कुलपाचा आकडा बाबांच्या सायकलीच्या कुलपाचाच होता, दादा काही बदलणारा माणूस नव्हता. उघडला, तर वरतीच माझं नाव. वहिनी, मी त्याला ब्लॉक केलं होतं. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी. तरी तो पाठवत राहिला. आवाजाचे निरोप. अकरा. सगळ्यांवर एकच टिक. पोचलाच नाही एकही, आणि त्याला माहीत होतं पोचत नाहीत.”

“म्हणून तुमचा जुना फोन ह्यांच्या खोळीत घातलात.”

“खोळ रिकामी दिसली तर तुम्ही विचारलं असतं. मी काय सांगणार होतो? सहा वर्षं ज्याच्याशी बोललो नाही, त्याला आता रोज ऐकतो म्हणून? जेवायला येतो तेव्हा घरी कोणी नसतं. चालू करतो, ऐकतो, बंद करतो. तुम्हाला कळेल असं नव्हतं हो.”

“मला रोज कळत होतं,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा फोन पुढे धरला.

भावोजींनी भिंग डोळ्यावर ओढलं, जसं घड्याळ उघडताना ओढत असतील, आणि त्या दोन शब्दांच्या ओळी वाचल्या. एकाखाली एक. मंगळवारपासून. ते दाराच्या चौकटीला धरून खाली बसले.

“मी तुम्हाला... दोन आठवडे...”

“माझं डोकं फिरलं असं ठरलंय घरात. परवा मला न्यायला येताहेत.”

“मी सांगतो त्याला. पायावर डोकं ठेवतो हवं तर.”

“पुतण्याच्या पायावर कोणी डोकं ठेवत नाही. उठा.” वहिनीही उंबऱ्यावर बसल्या. “शेवटचा निरोप काय आहे?”

भावोजींनी अंगठ्याने बटण दाबलं. घड्याळजींचा आवाज बोळात आला, रस्त्यावरचा गोंगाट मागे घेऊन.

“अरे, आत्ता तुझ्या दुकानावरून गेलो. पाटी एका बाजूला खाली आलीय. सरळ करून घे. नाहीतर मी येऊन करतो. शिडी आहे का तुझ्याकडे?”

एवढंच. पायरीवर गुंडी रडत होती, तिला काय झालंय ते अजून कोणी सांगितलं नव्हतं. वायरताईंनी पिशवीतून स्वच्छ असेल असं काही काढायला हात घातला आणि चिकटपट्टीचं रीळ तिच्या हातात दिलं.

“केली का सरळ?” वहिनींनी विचारलं.

“नाही.” भावोजींनी नाक पुसलं. “वाट बघत होतो.”

तीन पस्तीस झाले. आज फोन बंद झाला नाही.

जाण्यापूर्वी वायरताईंनी विचारलं, “ते नाव पुसून टाकू का? एका मिनिटाचं काम आहे. पुन्हा दचकायला नको.”

वहिनींनी विचार केला. “फोन भावोजींकडेच राहू दे. निरोप त्यांचे आहेत. पण ऐकायला तिकडे लपून बसायचं नाही, इकडे माझ्या टेबलाशी यायचं. आणि नावाचं म्हणाल, तर ते तसंच असू दे.”

७

रविवारी दुपारी चिरंजीव आले. त्यांनी रिकामी मोठी सूटकेस दारातच ठेवली आणि आईला सगळं सांगायला वेळच दिला नाही. मशीनवर टाकायला चादर कुठली, गॅसचं बटण कोण बंद करणार, औषधं कुठे आहेत, असं त्यांचं एकट्याचंच चाललं होतं. वहिनी पडद्याची पट्टी मारत ऐकत होत्या.

“अरे बाबा, जरा थांबशील?” त्या दोनदा म्हणाल्या. ते थांबले नाहीत.

तीन वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन टुणकन वाजला. चिरंजीव जवळ होते, त्यांनी वाचलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग राखाडी. एरवी मोठ्या पगाराचा, दाढीवाला माणूस, पण त्या क्षणी त्यांनी आईच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“आई. हे... आज रविवार आहे. तू म्हणाली होतीस रविवारी येत नाही.”

“आजपासून यायचं ठरलंय.” वहिनींनी दोरा दाताने तोडला आणि उठल्या. “मी जेवण गरम करते. तू दार उघड, काका असतील तुझे. जाऊबाई मागून येताहेत. आणि ती सूटकेस वाटेतून उचल, त्यांच्या खांद्यावर पाटीसाठी शिडी असणार.”